१८० मेलबॉक्स, एक जुना एक्स्चेंज सर्व्हर: क्लाउडवर कसं न्यायचं आणि कुठं अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीतला मध्यम आकाराचा कारखाना. स्वतःच्या सर्व्हर रूममध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज २०१६ या मेल-प्रणालीचा एकच सर्व्हर, १८० मेलबॉक्स, मिळून साधारण १.२ टेराबाइट मेल. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं (वापरकर्त्यांची कार्यालयातली नोंदवही) डोमेन ‘.लोकल’वर संपणारं. १०० एमबीपीएसची लीज्ड लाइन. मायक्रोसॉफ्ट ३६५चे परवाने घेऊन झालेत. शुक्रवारी संध्याकाळी सुरुवात करून सोमवारी सकाळी सगळे नव्या मेलवर असावेत, असं व्यवस्थापनाचं म्हणणं आहे. हे जमेल का, आणि कोणत्या पद्धतीनं करावं?

एका शनिवार-रविवारात जमणार नाही, आणि तसा प्रयत्न करूही नये. चार ते सहा आठवडे धरा. त्यातले तीन तयारीचे. मेलचा डेटा वर चढवणं हा या कामातला सर्वांत सरळ भाग आहे. वेळ जातो तो डिरेक्टरी नीट करण्यात, आणि मेल पाठवणाऱ्या सगळ्या वस्तू शोधून काढण्यात. या दोन ठिकाणी घाई केली की सोमवारी सकाळी फोन थांबत नाहीत.

घाई करावीशी वाटण्याचं एक कारण मात्र खरं आहे. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. पॅच न मिळणारा सर्व्हर इंटरनेटकडे तोंड करून ठेवणं धोक्याचं आहे. शिवाय फार जुन्या आवृत्तीच्या सर्व्हरकडून हायब्रिड कनेक्टरवर (कार्यालयातला सर्व्हर आणि क्लाउड यांना जोडणारी वाट) येणारी मेल मायक्रोसॉफ्ट आधी मंदावतं आणि मग अडवतं. म्हणून काम लगेच सुरू करा, पण क्रमानं करा. पहिल्याच दिवशी सर्व्हर एक्स्चेंज २०१६च्या शेवटच्या संचयी अपडेटवर, म्हणजे सीयू २३वर, आणि त्यावरच्या उपलब्ध शेवटच्या सुरक्षा अपडेटवर आणा. पुढचं सगळं त्यानंतर.

पद्धत कोणती? कटओव्हरमध्ये सगळे मेलबॉक्स एकदम जातात. कागदावर मर्यादा २००० मेलबॉक्सची आहे, पण मायक्रोसॉफ्ट स्वतःच १५०च्या आत असाल तरच हा मार्ग सुचवतं. शिवाय कटओव्हरच्या वेळी डिरेक्टरी सिंक बंद असावी लागते, आणि प्रत्येकाचं आउटलुक प्रोफाइल नव्यानं करावं लागतं. नवं प्रोफाइल म्हणजे ओएसटी फाइल (संगणकावरची मेलबॉक्सची प्रत) पुन्हा शून्यापासून उतरवणं. १८० जण सोमवारी सकाळी सरासरी ६-७ जीबी उतरवायला बसले की तीच लाइन, जिच्यावरून शनिवारभर सगळं वर चढवलं, दिवसभर तुंबून राहणार. स्टेज्ड पद्धत फक्त एक्स्चेंज २००३ आणि २००७साठी होती, तुम्हाला ती लागू नाही. आयमॅपनं फक्त मेल जाते. कॅलेंडर, संपर्क आणि टास्क मागेच राहतात. झिंब्रा किंवा तत्सम सर्व्हरवरून येणाऱ्यांना आयमॅपवाचून फारसा पर्याय नसतो, पण तुमच्याकडे एक्स्चेंज असताना तो मार्ग धरू नका.

तुमच्यासाठी हायब्रिड. यात मेलबॉक्स एकेक तुकडीनं जातो, उरलेले कार्यालयातच राहतात आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांची कॅलेंडरं पाहू शकतात. मेलबॉक्सचा जीयूआयडी (त्याचा ओळख क्रमांक) तोच राहतो, म्हणून आउटलुकला ओएसटी पुन्हा उतरवावी लागत नाही. आउटलुक बंद करून उघडलं की काम झालं. काही बिघडलं तर मेलबॉक्स परत खालीही आणता येतो. १८० लोकांसाठी हायब्रिडची उठाठेव कशाला, असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. हायब्रिड उभं करायला दोन-तीन दिवस जास्त लागतात आणि त्याच्या बदल्यात एकाही माणसाचं प्रोफाइल पुन्हा करावं लागत नाही.

आता तयारी. टेनंट (क्लाउडमधलं कंपनीचं स्वतंत्र खातं) अजून उघडलं नसेल तर देश भारत निवडा, तो नंतर बदलता येत नाही. पुणे, चेन्नई आणि मुंबई इथली मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटरं २०१५पासून चालू आहेत. कंपनीचं डोमेन टेनंटला जोडताना कधी कधी ‘हे डोमेन आधीच दुसरीकडे वापरात आहे’ असं उत्तर येतं. बहुतेक वेळा एखाद्या कर्मचाऱ्यानं कंपनीच्या पत्त्यावरून पॉवर बीआयसारख्या सेवेसाठी मोफत नोंदणी केलेली असते आणि त्या पत्त्यावर एक बेवारस टेनंट तयार झालेलं असतं. डीएनएसमध्ये (डोमेनच्या पत्त्यांची सार्वजनिक नोंदवही) टीएक्सटी नोंद टाकून ते ताब्यात घेता येतं, पण हे शेवटच्या आठवड्यात कळलं तर वेळापत्रक कोसळतं. डोमेनची पडताळणी म्हणूनच पहिल्या दिवशी करा. पडताळणीनं मेलचा मार्ग बदलत नाही. तो एमएक्स नोंद (मेल कुठे पोचवायची ते सांगणारी) बदलल्यावरच बदलतो.

‘.लोकल’ डोमेन क्लाउडला चालत नाही. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन्स अँड ट्रस्ट्समध्ये कंपनीचं खरं डोमेन पर्यायी यूपीएन (लॉगिन नाव) सफिक्स म्हणून जोडा आणि प्रत्येक वापरकर्त्याचा यूपीएन त्याच्या मुख्य ईमेल पत्त्यासारखाच करा. दोन्ही एकच असले की लोकांना एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मग आयडीफिक्स हे मायक्रोसॉफ्टचं मोफत साधन चालवा. एकच प्रॉक्सी पत्ता दोन जणांच्या नावावर, पत्त्याच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागा, न चालणारी चिन्हं, असं बरंच त्यात सापडेल. जुन्या डिरेक्टरीत असे दोष असतातच. ते सगळे निस्तरल्याशिवाय सिंक सुरू करू नका.

एन्ट्रा कनेक्ट (डिरेक्टरी क्लाउडशी सिंक करणारं साधन) बसवताना ‘एक्स्चेंज हायब्रिड डिप्लॉयमेंट’ या पर्यायासमोर खूण करायला विसरू नका. ती नसेल तर क्लाउडमधले काही गुणधर्म खाली परत लिहिले जात नाहीत. सिंक झाल्यावर एक तपासणी कराच. क्लाउडच्या पॉवरशेलमध्ये गेट-रिसिपियंट चालवून प्रत्येक जण ‘मेलयूजर’ दिसतो का ते पाहा. कोणी ‘यूजरमेलबॉक्स’ दिसला तर त्याचा रिकामा मेलबॉक्स क्लाउडमध्ये आधीच तयार झालाय.

हे होतं कसं ते समजून घ्या. कार्यालयातल्या मेलबॉक्सचा एक्स्चेंज जीयूआयडी सिंक होऊन वर पोचला असेल, तर क्लाउडला कळतं की या माणसाचा मेलबॉक्स दुसरीकडे आहे, आणि परवाना दिला तरी तो नवा मेलबॉक्स बनवत नाही. जीयूआयडी वर पोचायच्या आधी परवाना दिला, किंवा कोणी हातानं क्लाउडमध्ये तोच वापरकर्ता बनवून ठेवला, की एका माणसाचे दोन मेलबॉक्स होतात. मग काही मेल इथे, काही तिथे. टीम्समधून आलेलं बैठकीचं आमंत्रण एका ठिकाणी, ग्राहकाची ऑर्डर दुसऱ्या ठिकाणी. दुरुस्ती होते: वरच्या मेलबॉक्समध्ये काही आलंय का ते आधी बघून घ्या, परवाना काढा आणि सेट-यूजर आज्ञा पर्मनंटलीक्लिअरप्रीव्हियसमेलबॉक्सइन्फो या स्विचसह चालवा. पण हा स्विच वरचा डेटा कायमचा पुसतो, म्हणून आधी बघून घेण्याची पायरी गाळू नका. तुम्ही परवाने घेऊन ठेवलेत असं लिहिलंय. ते घेतले असतील तर हरकत नाही, पण वाटले असतील तर ही तपासणी आजच करा. परवाना देण्याआधी वापरकर्त्याचं ‘यूसेज लोकेशन’ भारत असं भरावं लागतं, नाहीतर परवाना लागू होत नाही. मेलबॉक्स वर गेल्यावर परवाना द्यायला ३० दिवसांची मुदत असते. त्यानंतर तो बंद पडतो.

आकाराची यादी काढा. गेट-मेलबॉक्सस्टॅटिस्टिक्समधून टोटलआयटमसाइज बघताना टोटलडिलीटेडआयटमसाइज हा रकानाही घ्या, तो बहुतेक जण सोडून देतात. पुसलेली मेलही सोबत जाते. एक्स्चेंज ऑनलाइन प्लॅन १मध्ये मेलबॉक्स ५० जीबीचा, प्लॅन २मध्ये १०० जीबीचा असतो. पण ‘रिकव्हरेबल आयटम्स’ची मर्यादा वेगळी, ३० जीबीची असते, आणि होल्ड (मेल पुसू न देणारं बंधन) लावला असेल तर १०० जीबीची. मेलबॉक्स दिसायला २० जीबीचा आणि पोटात ४० जीबीचा पुसलेला माल, अशी तुकडी मध्येच का थांबली हे शोधण्यात दिवस जातो. १५० एमबीपेक्षा मोठी एकेकटी मेलही वर जात नाही. डिझाइन विभागाच्या मेलबॉक्समध्ये कॅड फाइली जोडलेल्या अशा मेल असू शकतात. त्या आधीच बाहेर काढून घ्यायला सांगा.

नोकरी सोडून गेलेल्यांचे मेलबॉक्स तुमच्या १८०मध्ये नक्की असतील. त्यांना परवाना लागत नाही. शेअर्ड मेलबॉक्स ५० जीबीपर्यंत मोफत असतो. मात्र हे रूपांतर स्थलांतराच्या आधी, कार्यालयातल्या सर्व्हरवरच करा. वर गेल्यावर फक्त क्लाउडमध्ये केलं तर खालच्या डिरेक्टरीत तो अजून साधा मेलबॉक्सच दिसतो आणि दोन्हीकडचे गुणधर्म जुळत नाहीत.

आता वेळेचा हिशेब. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, तासाला ४५ जीबी. हा झाला कागदावरचा वेग. प्रत्यक्षात लाइनवर इतर कामं असतात, सर्व्हरची डिस्क जुनी असते आणि क्लाउडची बाजूही गर्दीनुसार वेग कमी-जास्त करते. तासाला १५ ते २० जीबी मिळाले तर चांगलं समजा. रात्री दहा तास चालवलं तर रोज १५० ते २०० जीबी, म्हणजे १.२ टेराबाइटला सहा ते आठ रात्री. व्यवस्थापनाला हे आकडे दाखवा. शनिवार-रविवारचा हट्ट आपोआप सुटतो. आणखी एक गोष्ट त्यांना नीट समजावून सांगा: हा डेटा चढत असताना लोक जुन्याच मेलबॉक्सवर नेहमीसारखं काम करत असतात. त्यांना काही जाणवत नाही. पहिली सिंक झाली की मेलबॉक्स ९५ टक्क्यांवर येऊन थांबतो आणि २४ तासांतून एकदा नवी भर उचलत राहतो. तुम्ही ‘पूर्ण करा’ म्हणाल तेव्हाच शेवटचा फरक जातो आणि मेलबॉक्स उडी मारतो. त्या शेवटच्या टप्प्यात मेलबॉक्स थोडा वेळ बंद असतो. म्हणून पूर्ण करायची वेळ रात्रीची ठरवून द्या, आणि त्यासाठी तुकडीला ‘कम्प्लीटआफ्टर’ लावा. ही वेळ यूटीसीत धरली जाते. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून लिहा, नाहीतर रात्री अकरासाठी दिलेली वेळ पहाटे साडेचारला उगवते.

हायब्रिड विझार्ड चालवताना क्लासिक की मॉडर्न, हा प्रश्न येतो. मॉडर्नमध्ये हायब्रिड एजंट बाहेरच्या दिशेनं जोडणी करतो, फायरवॉलमध्ये आत येणारा पोर्ट ४४३ उघडावा लागत नाही. ऐकायला छान आहे. पण तुमचं वेबमेल आधीच बाहेरून उघडतं, म्हणजे ४४३ उघडा आहेच आणि सार्वजनिक प्रमाणपत्रही आहे. तिथे क्लासिक घ्या. मध्ये एक तुकडा कमी, आणि सर्व्हरच्या एक्स्टेंडेड प्रोटेक्शनमध्ये ईडब्ल्यूएससाठी (एक्स्चेंज वेब सर्व्हिसेस) अपवाद करत बसावं लागत नाही. मेलच्या वाहतुकीसाठी पोर्ट २५ दोन्ही पद्धतींत लागतोच. विझार्डनंतर कॅलेंडरची मोकळी वेळ दोन्हीकडून दिसण्यासाठी आता वेगळं समर्पित हायब्रिड अ‍ॅप नोंदवावं लागतं. २०२५मध्ये सापडलेल्या एका गंभीर त्रुटीनंतर जुनी सामायिक ओळख मायक्रोसॉफ्टनं बंद केली. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये ही पायरी मिळणार नाही.

मेलबॉक्स हलवण्यासाठी ईडब्ल्यूएसच्या व्हर्च्युअल डिरेक्टरीवर एमआरएस प्रॉक्सी (मेलबॉक्स हलवणारी सेवा) चालू करा आणि टेस्ट-मायग्रेशनसर्व्हरअ‍ॅव्हेलेबिलिटी चालवा. अपयश आलं तर बहुतेक वेळा दोष एक्स्चेंजमध्ये नसतो, फायरवॉलमध्ये असतो. वेब अ‍ॅप्लिकेशन फायरवॉल आधीच लॉगिन मागतो, किंवा एसएसएल मध्येच उघडून बघतो. मायक्रोसॉफ्टच्या पत्त्यांच्या यादीसाठी हे दोन्ही बंद करा. आणखी एक लपलेला प्रकार आहे: तुकडी सुरू होते, दोन-तीन तास चालते आणि मग तुटक तुटक होते. घुसखोरी ओळखणारी यंत्रणा एकाच ठिकाणाहून आलेल्या शेकडो जोडण्या पाहून त्यांना हल्ला समजते. तिच्या नोंदी बघा. नवखा माणूस अशा वेळी ‘क्लाउड स्लो आहे’ म्हणून सोडून देतो.

पहिली तुकडी पाच-सहा जणांची, शक्यतो आयटी विभागातली. त्यात एक त्रुटी बहुधा भेटेलच, तिचा अर्थ असा: लक्ष्य मेलबॉक्सला ‘टेनंट.मेल.ऑनमायक्रोसॉफ्ट.कॉम’शी जुळणारा एसएमटीपी पत्ता नाही. हायब्रिड विझार्ड हा पत्ता ईमेल अ‍ॅड्रेस पॉलिसीत घालतो आणि पॉलिसी तो सर्वांना देते. पण कधीकाळी कोणाचा पत्ता हातानं बदलताना ‘पॉलिसीप्रमाणे आपोआप अद्ययावत करा’ ही खूण काढलेली असते. त्या माणसाला पॉलिसी हातच लावत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या, किंवा ‘सेल्स’, ‘अकाउंट्स’ असे खास पत्ते असलेल्या मेलबॉक्सवर हे हमखास सापडतं. अशा प्रत्येकाला तो पत्ता हातानं जोडा. खूण पुन्हा लावू नका, नाहीतर पॉलिसी त्यांचा मुख्य पत्ताच बदलून टाकेल. मग स्टार्ट-एडीसिंकसिंकसायकल डेल्टा चालवा. नाही चालवलं तर नेहमीच्या ३० मिनिटांच्या फेरीची वाट बघावी लागते.

मेलबॉक्समधल्या काही नोंदी हलवताना वगळल्या गेल्या तर आता ‘डेटा कन्सिस्टन्सी स्कोअर’ येतो. ‘इन्व्हेस्टिगेट’ असा शेरा आला तर तुमच्या मंजुरीशिवाय मेलबॉक्स पूर्ण होत नाही. अहवाल उघडून वाचा. बऱ्याचदा ती मेल नसतेच, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याला कधीतरी दिलेली फोल्डरची परवानगी असते आणि तो माणूस आता डिरेक्टरीत नाही. अशा नोंदी निःशंक मंजूर करा. कॅलेंडरच्या किंवा खऱ्या मेलच्या वस्तू गळाल्या असतील तर मात्र आधी त्या माणसाला दाखवा. सगळ्या तुकडीला एकदम मंजुरी देऊन टाकणं मला मान्य नाही. कोणाची तरी करारपत्राची मेल त्यात असू शकते.

तुकड्या विभागाप्रमाणे पाडण्याचा मोह होतो. त्याऐवजी कोण कोणाचा मेलबॉक्स उघडतं त्याप्रमाणे पाडा. संचालक आणि त्यांची स्वीय सहायक एकाच तुकडीत असायलाच हवेत. एक वर आणि एक खाली असताना ‘फुल अ‍ॅक्सेस’ चालतो, पण मेलबॉक्स आउटलुकमध्ये आपोआप दिसत नाही. ‘सेंड अ‍ॅज’ ही परवानगी तर सिंकच होत नाही, ती क्लाउडमध्ये अ‍ॅड-रिसिपियंटपर्मिशननं पुन्हा द्यावी लागते. स्थलांतराआधी सगळ्या ‘सेंड अ‍ॅज’ परवानग्यांची यादी सीएसव्हीत काढून ठेवा. लेखा विभागाची तुकडी ७, ११ आणि २० तारखेच्या आसपास पूर्ण करू नका. टीडीएस, जीएसटीआर-१ आणि ३बीच्या त्या तारखा असतात. सामायिक (पब्लिक) फोल्डर असतील, तर ते सर्व मेलबॉक्स वर गेल्यानंतर सर्वांत शेवटी. त्यांच्या नावांत तिरपी रेघ असेल तर आधी काढा.

डीएनएसमध्ये एसपीएफ नोंदीत (तुमच्या डोमेनतर्फे कोण मेल पाठवू शकतं याची यादी) मायक्रोसॉफ्टचा इन्क्ल्यूड पहिला मेलबॉक्स वर जायच्या आधी घाला, एमएक्स बदलायच्या दिवशी नव्हे. पहिल्या तुकडीतल्या माणसानं पाठवलेली मेल त्याच रात्रीपासून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून निघू शकते. एसपीएफमध्ये डीएनएस चौकशीची मर्यादा दहाची आहे. न्यूजलेटर पाठवणारी सेवा, सीआरएम, पगारपत्रकाची सेवा अशी भर पडत ती ओलांडली जाते आणि मग सगळीच तपासणी फसते. डीकेआयएमच्या (मेलवरची डिजिटल सही) दोन्ही सीनेम नोंदी घालून ते चालू करा. एमएक्सचा टीटीएल (नोंद किती वेळ जपून ठेवायची तो अवधी) दोन-तीन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. एमएक्स स्वतः मात्र निम्म्याहून जास्त मेलबॉक्स वर गेल्यावर हलवा. तोवर जुना सर्व्हर मेल घेऊन वर पाठवत राहतो.

जुना सर्व्हर आणि क्लाउड यांच्यामध्ये पोर्ट २५वर काहीही असू नये: स्पॅम गाळणारा गेटवे नाही, फायरवॉलची एसएमटीपी तपासणी नाही. काही फायरवॉल ‘स्टार्टटीएलएस’ हा शब्द खोडून त्या जागी नुसती ‘एक्स’ अक्षरांची रांग भरतात. टेलनेटनं बाहेरून पोर्ट २५ उघडून ‘ईएचएलओ’ दिलंत की उत्तरात ती डोळ्यांना दिसते. असं झालं की दोन बाजूंचा विश्वास तुटतो. मग कंपनीच्याच माणसाची मेल परक्यासारखी वागवली जाते, जंकमध्ये जाते, बैठकीच्या खोलीचं आरक्षण नाकारलं जातं आणि रजेवरच्या माणसाचं बाहेरच्यांसाठी लिहिलेलं उत्तर सहकाऱ्यालाच येतं. वरवर एकमेकांशी संबंध नसलेल्या या तक्रारी एकाच वेळी आल्या तर पहिल्यांदा पोर्ट २५ तपासा.

आता मेल पाठवणाऱ्या वस्तू. स्कॅनर, ईआरपी, हजेरीचं यंत्र, यूपीएसचा इशारा, बॅकअपचा अहवाल, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हे सगळे आज तुमच्या सर्व्हरला पासवर्डशिवाय पोर्ट २५वर मेल देतात. त्यांची यादी कोणाकडेच नसते. ती सर्व्हरकडूनच काढा: रिसीव्ह कनेक्टरचा प्रोटोकॉल लॉग ‘व्हर्बोज’ करून किमान पाच आठवडे चालू ठेवा. पाच आठवडे अशासाठी की महिन्यातून एकदाच मेल पाठवणारं काहीतरी असतंच, पगारपत्रकं किंवा महिनाअखेरचा साठा अहवाल. त्यातले आयपी पत्ते एकेक करून ओळखा. तयारीच्या पहिल्या दिवशी हा लॉग चालू केलात तर स्थलांतराबरोबरच ही यादी तयार होते.

या उपकरणांना पुढे तीन वाटा. फक्त कंपनीतल्या लोकांनाच मेल द्यायची असेल तर थेट एमएक्सवर, पोर्ट २५नं. बाहेरही द्यायची असेल तर कनेक्टर, पण त्याला स्थिर सार्वजनिक आयपी हवा, तो तुमच्या लीज्ड लाइनला आहे. तिसरी, पोर्ट ५८७वर नाव-पासवर्ड. ही आज चालत असली तरी साधा पासवर्ड घेणं मायक्रोसॉफ्ट बंद करत आणतंय, त्यामुळे नवी मांडणी तिच्यावर करू नका. त्या वाटेवर मिनिटाला ३० मेलची मर्यादाही आहे. ईआरपीनं एका दमात ४०० बिलं सोडली की मध्येच अडतं. जुन्या स्कॅनरना टीएलएस १.२ येत नाही, त्यांच्यासाठी कार्यालयात एक छोटा रिले (मेल पुढे पोचवणारा सर्व्हर) ठेवणं स्वस्त पडतं.

विक्री विभागातल्या काहींनी आपली मेल जीमेलवर आपोआप वळवलेली असेल. क्लाउडमध्ये बाहेरचं आपोआप फॉरवर्डिंग मुळातच बंद असतं आणि ५५० ५.७.५२० असा नकार येतो. ते बंदच राहू द्या, पण त्या लोकांना आधी सांगा. दुहेरी पडताळणीही मेलबॉक्स हलवण्याच्या आठवडाभर आधी करून घ्या. एकाच सकाळी नवं लॉगिन, नवं अ‍ॅप आणि नवी मेल दिली तर नेमकं काय बिघडलं ते ना त्यांना कळतं ना तुम्हाला.

स्थलांतरानंतर एखादी विचित्र परत आलेली मेल दिसू शकते. पत्त्याच्या जागी ‘आयएमसीईएईएक्स’ या अक्षरांनी सुरू होणारी लांबलचक ओळ असते, मधे मधे +२०, +२८, +२९ आणि खालच्या रेघा. आउटलुक कंपनीतल्या माणसाचा पत्ता नेहमीच्या रूपात लक्षात ठेवत नाही, लीगसीएक्स्चेंजडीएन या जुन्या रूपात ठेवतो. जुन्या मेलला उत्तर देताना तोच वापरला जातो. हायब्रिडमध्ये तो एक्स५०० पत्ता म्हणून आपोआप सोबत जातो. पण ज्याचा मेलबॉक्स पुसून नव्यानं बनवला, किंवा पीएसटीनं (मेल बाहेर काढून ठेवलेली फाइल) हलवला, त्याच्या बाबतीत नाही. त्या ओळीतल्या खालच्या रेघांच्या जागी तिरप्या रेघा घाला, +२० म्हणजे मोकळी जागा, +२८ आणि +२९ म्हणजे कंस, सुरुवातीचं ‘आयएमसीईएईएक्स-’ आणि शेवटचं ‘@’ व डोमेन काढा. जे उरेल ते त्या माणसाला एक्स५०० पत्ता म्हणून जोडा. परत येणं थांबतं.

सगळे वर गेल्यावर ऑटोडिस्कव्हरची (आउटलुकला सर्व्हरचा पत्ता सांगणारी सोय) डीएनएस नोंद क्लाउडकडे वळवा आणि सेट-क्लायंटअ‍ॅक्सेससर्व्हिसनं सर्व्हरचा अंतर्गत ऑटोडिस्कव्हर पत्ता रिकामा करा. डोमेनमधली यंत्रं आधी डिरेक्टरीतला तो पत्ता बघतात. तो राहिला तर सर्व्हर बंद केल्यावर प्रत्येक नवं आउटलुक प्रोफाइल बंद दारावर टकटक करत बसतं.

आणि जुना सर्व्हर काढून टाकायचा म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. डिरेक्टरी सिंक चालू आहे तोवर पत्ते आणि गुणधर्म सहसा खालच्या डिरेक्टरीतच बदलावे लागतात. म्हणून शेवटचा सर्व्हर अनइन्स्टॉल करायचा नाही. अनइन्स्टॉल करताना तो डिरेक्टरीतून हवी असलेली माहितीही पुसतो. एक्स्चेंज २०१९च्या सीयू १२पासून, म्हणजे एप्रिल २०२२पासून, फक्त व्यवस्थापनाची साधनं वेगळ्या यंत्रावर बसवून शेवटचा सर्व्हर कायमचा बंद ठेवता येतो. तुमच्याकडे २०१६ असल्यानं ती नवी साधनं बसवावी लागतील, त्यासाठी डिरेक्टरीचा स्कीमा (नोंदींचा आराखडा) वाढवावा लागेल. आधी फॉरेस्टची फंक्शनल लेव्हल किमान २०१२ आर२ आहे का ते बघा. सर्व्हर बंद करून दोन आठवडे थांबा आणि रिलेचा लॉग, स्कॅनर आणि महिनाअखेरचे अहवाल सुरळीत आहेत का ते पाहा.

बॅकअपचं मात्र पहिल्या तुकडीच्या आधीच ठरवा. क्लाउडमध्ये पुसलेली मेल डीफॉल्टनं १४ दिवस राहते, वाढवून ३०. पुसलेला मेलबॉक्स ३० दिवस. त्याच्यापुढे मेल परत मिळवायची असेल तर रिटेन्शन पॉलिसी किंवा वेगळा बॅकअप लागतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, तेव्हा जुन्या सर्व्हरचे लॉगही बंद करण्यापूर्वी बाजूला काढून ठेवा.